आठच्या पुढे

सोहार, रात्रीचे दोन.
खारं पाणी गोडं करणारा कारखाना,
तीन नंबरच्या पंपघरामागे पत्र्याची खोली,
एसीच्या नळीतून बादलीत थेंब थेंब.
टेबलावर दोन लॅपटॉप, मधे एकच करडी वायर,
टोकाला नऊ पिनांचा कनेक्टर.
खाऱ्या हवेने हिरवट पडला होता,
पिना मी जुन्या टूथब्रशने घासल्या.

दोष सापडायला आठ दिवस लागले,
दुरुस्तीला दोन ओळी.
ड्रायव्हर आधी अक्षर उचलायचा,
मग विचारायचा: वाटेत काही लागलं-बिगलं का?
पण अक्षर उचललं की
चिपमधली जखमेची खूण पुसली जाते.
म्हणून उत्तर कायम तेच: काही नाही.
सहा वर्षं. चुका शून्य.
आता उलट केलंय.
आधी विचारायचं, मग उचलायचं.

चूक पकडणाऱ्याची परीक्षा घ्यायची
तर आपल्यालाच चूक करावी लागते,
जाणूनबुजून, मोजूनमापून.
या टोकाला सम पॅरिटी, त्या टोकाला विषम.
हजार अक्षरं सोडली.
हजार चुका!
खमीस अल-मामरी करकचे दोन कप घेऊन दारात:
"हजार? आणि तू हसतेस?"
मग वेग बदलून पाहिला, चालू ओळीत वायर उपटली,
पडद्यावर लाल ओळी भराभर चढत गेल्या
आणि मी एकेकीला नावानिशी हाक मारली.

तीन वाजता खरी लाइन जोडली.
दाबाचा मीटर तीनशे मीटर लांब,
वायर मोटारींच्या केबलला चिकटून आलेली.
शून्य. शून्य. चहावर साय धरली.
मग मोठा पंप सुरू झाला, पत्रा थरथरला,
आणि एक लाल ओळ.
मीटरपाशी उभ्या खमीसने वॉकीटॉकीवर वाचलं:
नऊ पॉइंट दोन.
माझ्यासमोर: एक पॉइंट दोन.
तारेवर नऊ आणि एक यांच्यात
एकाच बिटाचं अंतर असतं.

तोफज्जल मिया.

दोन वर्षं झाली. पाइप फुटला त्या रात्री पाळी त्याची.
म्हणाला, मी नऊ वाचलं, नऊच लिहिलं.
पडदा म्हणत होता एक.
साहेबांनी त्याच्या खिशातली वही माझ्याकडे सरकवली:
तुमच्यासारखीच लिपी ना?
मी पाहिलं. म्हटलं, एकच आहे.
किती वेळ पाहिलं असेन? चहाचा एक घोट, तेवढाच.
दोन साक्षी जुळल्या.
त्याचा दोन महिन्यांचा पगार गेला, मग व्हिसा गेला.
वही राहिली, ड्रॉवरमध्ये, मल्टिमीटरखाली.

आज काढली.
डावीकडे तारखांचा रकाना.
आठ ओळखू आला.
त्याच्याखाली १.
त्याच्याखाली ९०.

आठच्या पुढे एक येत नाही.
महिन्यात नव्वद तारीख नसते.

त्याचा नऊ माझ्या एकासारखा दिसतो,
त्याचा एक माझ्या नवासारखा.
पाटीवर १ उलटा काढला म्हणून
मला पहिलीत बाकावर उभं केलं होतं,
तरी मला कळलं नाही.
मी आधी उचललं.
विचारलं नाहीच, नंतरसुद्धा.

पहाटे चारपर्यंत एकेचाळीस चुका.
अहवालात लिहिलं: चाचणी यशस्वी.
त्याखाली एक तारीख लिहिली, दोन वर्षांपूर्वीची,
एक नाव,
आणि माझी साक्ष, जशी दिली होती तशी.
खमीस वाचून काही बोलला नाही.
निवलेला चहा बादलीत ओतला,
नवा आणायला गेला.

वहीच्या शेवटच्या पानावर
किशोरगंजचा फोन नंबर, त्याच वळणदार आकड्यांत.
तिकडे उजाडलं असेल.
बोट ठेवून वाचते आहे, एकेक.
शून्य.
मग नऊ.
नाही. थांब.
एक.