रकाना पाचवा

नागपूरहून हेडाऊ साहेबाचा फोन आला तवा
मी अंगणात मोहफुलं पसरवत होती.
"रेवताबाई, काल रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी
खड्ड्यापाशी ढोर-बीर आलं होतं काय?"
नाही म्हटलं. बकऱ्या कोंडल्या होत्या,
बंडी कोणाची निंघाली नव्हती,
खाणीतला सुरुंग तर रात्री उडतच नाही.

"मंग तोच तो," साहेब खूश झाल्यावाणी बोलला.
"समुद्रात बेटायची माळ हाये एक, लय दूर.
तिच्याखाली सहाशे किलोमीटर खोल.
हलकासा होता. तिथी कोणाले समजलाही नाही."

आमच्या टेकडीवर काळ्या खडकात
पुरुषभर खोल खड्डा, त्याले लोखंडी झाकण,
झाकणाले कुलूप, चाबी माह्या गळ्यात, पोतीसंग.
आत मशीन. कुकराएवढी.
सौर पाटीवरची पाखरायची घाण पुसाची,
विंचू काढाचे, वाळवी झाडाची,
अन् रजिस्टर भराचं.
महिन्याचे पंधराशे, तेही येतात तवा येतात.

रजिस्टरात पाच रकाने. पाचवा, कारण.
त्यात मी लिहिते: ट्रॅक्टर. लग्नाचा डीजे.
भिवाजीची म्हैस, दोन खेपा.
पोट्ट्यायचं क्रिकेट.

अन् एकदा, कार्तिकातली रात्र होती,
शेवंती अनवाणी पळाली खड्ड्याजवळून,
चपला हातात, रस्त्याकडं, पहिल्या एस्टीसाठी.
मी धुऱ्यावर उभी होती. तिनं मले पाह्यलं.
दोघीबी बोललो नाही.
तिच्या सासरचे चार दिवस विहिरीत गळ टाकत होते.
मशीनले मात्र तिचं पाऊल न् पाऊल समजलं होतं.
साहेबानं इचारलं, "दोन पायाचं वाटते हो?"
म्हटलं, अस्वल असन. अस्वलबी उभं राह्यते.
रकान्यात तेच लिहिलं. अस्वल.

"किती वेळ लागला त्याले इथवर याले?" मी इचारलं.
"अकरा मिनिटं."
म्हणजे तो दोन वाजून सहाले निंघाला.
मी तवा जागीच होती, मोहाखाली,
डुकरायसाठी जाळ लावून.
फूल पडत होतं. मंग थांबत होतं. मंग अजून एक.
माह्या पायाखालून गेला असन,
टाचेखालून, भेगांखालून,
अन् मी जाळात काडी सारत बसली होती.

"तिथी तवा किती वाजले होते?"
"सकाळ झाली होती."
चुली पेटल्या असतील. कोणी पाणी भरत असन.
भरल्या गुंडातलं पाणीबी हाललं नसन.
"साहेब, त्यायले सांगसान काय?"
"काय सांगू बाई? काही झालंच नाही."

फोन ठेवला तर बकरीनं सुपाएवढी फुलं खाल्ली होती.
तिले हाकललं. रजिस्टर काढलं.
तारीख, वेळ, किती वेळ चाललं, कोणी पाह्यलं,
हे चार रकाने भरले.
पाचव्यापाशी पेन धरून बसली.
साहेब म्हणाला होता, दूरचा भूकंप, इतकंच लिहा.
पानं चाळता चाळता ते कार्तिकातलं अस्वल दिसलं,
माह्याच हातचं, वाकडंतिकडं,
अनुस्वार नसून मी त्याच्यावर एक टिंब दिलेलं.
ते खोडलं नाही.
खाली, नव्या ओळीत, लिहिलं:
दूरचं. खोल. कोणाले सांगू नये असं काही नाही.

मंग शेवटचं वाक्य खोडलं.