चोविसावी टाइल

रुवीतल्या आमच्या फ्लॅटमधला बेसिनचा ओटा
लाकडी म्हणायचा, होता भुशाचा.
पाणी पिऊन पिऊन फुगला होता
चहात बुडवलेल्या खारीसारखा.
कडेचा सनमायका उचकटलेला,
येता-जाता बोटाला लागायचा.
घरमालकाचा माणूस म्हणाला, ‘इन्शाल्ला, बघू.’
ते बघणं दोन उन्हाळे चाललं.

भाड्याच्या घराला कशाला खर्च,
असं आम्ही दोघंही म्हणायचो.
म्हणता म्हणता अकरा वर्षं झाली.

फेब्रुवारीत श्रीरंगची कंपनी बुडाली,
त्याचे तीन पगार घेऊन.
तेव्हापासून सकाळी तो बेसिनपाशी
जरा जास्तच वेळ उभा राही.
नळ चालू. दोन्ही हात ओट्याच्या कडेवर.
दाराबाहेर मला ऐकू येई पाणी,
आणि पाण्याखालून
भुसा दबल्याची बारीक करकर.
मी काही विचारलं नाही.
तो बाहेर गेल्यावर
शिवणाच्या टेपनं माप काढलं.

वादी कबीरला मुरादच्या दुकानामागं
उरल्यासुरल्या मालाचं खोकं असतं.
कुणाच्या तरी बंगल्यातल्या
पोहण्याच्या तलावाला लावून उरलेल्या,
निळ्या, तळहाताएवढ्या.
बेसिनचा खळगा वजा, पुढची कड धरून
मला हव्या होत्या चोवीस.
निघाल्या तेवीस, त्यातही सात वेगळ्या बॅचच्या.
‘समुद्र एकच, भाभी,’ मुराद म्हणाला,
‘ह्या सकाळच्या, त्या दुपारच्या.’
विकणाऱ्याच्या तोंडी कविता फुकट असते.
तो पाच रियालवर, मी तीनवर,
साडेतीनला आम्ही दोघंही रुसलो,
म्हणजे भाव बरोबर होता.

चिकटवायचा मसाला दीड रियाल,
ग्राउट सातशे बैसा,
सिमेंटची पातळ फळी मुरादनं वरून दिली
(एका कोपऱ्याला तुटकी होती, ते घरी दिसलं).
कटर खालच्या सजीमोनचा,
एका दिवसाच्या बोलीवर,
बदल्यात डबाभर सुरमईची आमटी.

जूनमध्ये इथं थंड नळाला कढत पाणी येतं
आणि काय गार असेल ते बंद गीझरच्या पोटात.
नवा माणूस आठवडाभर हात भाजून घेतो,
मग उलटं शिकतो.
मी पहाटेच्या अजानला उठले,
गीझरच्या पाण्यात मसाला कालवला,
ऊन चढायच्या आत बसवायच्या होत्या सगळ्या.
पहिली रांग सरळ आली.
दुसरीनं माझं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ग्राउट सारवायला काही सापडेना
तेव्हा ड्रॉवरमधलं विम्याचं कार्ड घेतलं,
जुन्या कंपनीचं, कडक, गुळगुळीत,
चौघांची नावं कोरलेलं.
श्रीरंग दारात येऊन थांबला होता.
बघत राहिला कार्डाकडं, माझ्याकडं.
‘मुदत संपलीय त्याची,’ मी म्हटलं.
तो खाली बसला, कार्ड माझ्या हातून घेतलं,
म्हणाला, ‘कोपरे राहिलेत तुझे,’
आणि एकेक फट भरत गेला,
आपलं नाव पांढरं होईपर्यंत.

चोविसावीच्या जागी
उरलेले तुकडे जमतील तसे बसवले.
जमले नाहीत. वर साबणदाणी ठेवली.

ऑगस्टमध्ये घरमालकाचा माणूस आला,
अंगठीनं टाइल वाजवून बघितली,
‘माशाल्ला’ म्हणाला,
आणि भाडं दहा रियालनं वाढवून गेला.
दार लागल्यावर आम्ही इतके हसलो
की पोरं अभ्यास सोडून बघायला आली.

नोकरीचं अजून काही नाही.
सकाळी तो तसाच उभा राहतो,
नळ चालू, दोन्ही हात निळ्या कडेवर.
ओटा आता जराही हलत नाही.
दाराबाहेर नुसतं पाणी ऐकू येतं,
आणि मला कळत नाही
आज त्यानं किती घट्ट धरलंय.