नॉर्मल रेंज

किडनी साडेसहाशे.
लिव्हर आठशे, थायरॉईड साडेचारशे,
हाडांचं कॅल्शियम वेगळं.
शरीर मला आधी दरपत्रकावरून कळलं,
पुस्तकातून नंतर.

खडेबाजारात जिना चढून वर लॅब.
सकाळी सहा ते अकरा काउंटर माझा.
उपाशीपोटी आलेली माणसं
कनवटीची पिशवी सोडता सोडता विचारतात,
एष्ट आत्री? किती झाले?
आकडा ऐकल्यावर
दोन्ही भाषांतली माणसं
सारखाच वेळ गप्प राहतात.
मी जांभळ्या टोपणाच्या नळीवर नाव लिहिते
कन्नडात. मराठी शाळेतून आलेलं माझं कन्नड,
अजून जरा शिरोरेषा शोधणारं.
रिपोर्ट मात्र इंग्रजीत.

बेळगुंदीहून पहाटे पाच-दहाची बस.
जाताना फिजिक्स, कारण तेव्हा डोकं ताजं,
येताना बायोलॉजी, कारण ते उभ्यानेही वाचता येतं.
गणेशपूरच्या पुढे खड्डे लागले
की हृदयाची आकृती हलते
आणि झडपा कुठल्या कुठल्या, ते पुन्हा पहिल्यापासून.

गेल्या खेपेला चोवीस गुण कमी पडले.
चोवीस म्हणजे सहा प्रश्न.
त्यातले दोन मला येत होते.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

कुणीतरी मॅनेजमेंट सीटचा भाव सांगितला.
आई त्यातली शून्यं बोटांवर मोजत होती,
करंगळीपर्यंत आली
आणि कुकर उतरवायला उठली.
तिची भिशी चौदा बायकांची.
नंबर लागला तो माझ्या क्लासला गेला,
आता उचललेल्या पैशाचे हप्ते
ती दर दहा तारखेला हसतमुखाने भरते.
सोमनाथची दहावीची सहल निघाली होती, हंपीला.
तो म्हणाला, दगडं काय बघायची.
मी त्याची बहीण आहे, मला कळलं.
तरी गप्प बसले. एका टेस्ट सिरीजची फी
साधारण तेवढीच होती.

मंगळवारी रांगेत सातव्या नंबरला आप्पा.
घरी काही बोलला नव्हता.
उद्यमबागेतलं त्याचं वर्कशॉप
आता आठवड्याचे चारच दिवस चालतं,
मंगळवार त्याचा रिकामा.
पुढे आला, चष्मा पुसला, म्हणाला,
शुगरची करायची होती, बाई.
शेजारी मॅडम बसल्या होत्या, म्हणून बाई.
मी टाईप केलं:
परशराम लुमाण्णा हुंदरे, त्रेपन्न, पुरुष.
स्टाफ सवलत पंचवीस टक्के.
खिशातून त्याने सुट्टे काढले,
नोटांना कटिंग ऑइलचा वास,
आणि पावती मागून घेतली.

संध्याकाळी रिपोर्ट. नऊ पॉइंट चार.
तो आकडा बसमध्ये माझ्या शेजारी बसून आला.
त्या दिवशी मी पुस्तक उघडलं नाही.

रात्री पडवीत त्याला कागद दिला.
त्याने तो बल्बखाली धरला,
ड्रॉइंग धरतो तसा, हात लांब करून.
तीस वर्षं लेथवर, केसाचा दहावा भाग
अंगठ्याला कळतो त्याच्या.
म्हणाला, ह्याला टॉलरन्स किती असतोय गं?
मी म्हटलं, चार ते साडेपाच.
दीड?
तो खरंच हसला.
एवढा ढिला? आमच्याकडं दीड गेला
तर अख्खा लॉट भंगारात.
मग कागदाकडे परत बघत म्हणाला,
आणि हे चार वर गेलंय, न्हाई का?
गोळ्यांचं महिन्याला किती?

औषधांच्या किमती मला पाठ आहेत.
मी गप्प राहिले,
काउंटरसमोरची माणसं राहतात तेवढी.

आतून आई, काय हसालाय दोघं?
आणि ती पदराने धरून ताटली घेऊन आली,
शेजारच्या शेतातली रताळी, उकडलेली,
साल फुटून आतलं पिवळं दिसणारी,
वर गुळाचा खडा.
वाफेच्या अलीकडे तो, पलीकडे मी.
ती म्हणाली, घ्या की, गार होतील.