पिवळा धातू

आधी ओरडू नका.
मी ओरडले, तर सेन्योर बेल्मिरूंनी
कानातलं यंत्र काढून काउंटरवर ठेवलं
आणि माझे ओठ हलताना बघत बसले.

मग पावती शोधा.
माझी रेनकोटाच्या खिशात निघाली,
घडीवर विरलेली, पण अक्षर लागत होतं:
‘कानातली, एक जोड. पिवळा धातू. कडी तुटलेली.’
तोंडाने सोनं म्हणाले होते,
कागदावर पिवळा धातू.
वजनाची जागा कोरी.

तुटली होती एकाचीच कडी.
दुसरं धडधाकट.
‘दोन्ही ठेवून जा, एकाकडे बघून दुसऱ्याचं करतो.’
हे आता कुणाला सांगून उपयोग नाही.
तरी मी ट्रामवाल्यालासुद्धा सांगितलं.

दुकान दोन दारं पलीकडे हलवलं, त्या आठवड्यात गेली म्हणे.
भाचा म्हणतो, तिजोरीत ठेवली.
तिजोरी म्हणते, नाही.

ग्रासिएत, माझी बहीण, फोनवर म्हणाली, फोटो काढ.
काढले.
मातोझिन्योशच्या कारखान्यात आई, सार्डिनच्या टेबलाशी,
डोक्याला फडकं, फडक्याखाली कान.
लग्नात ती वडिलांकडे बघते आहे,
एक कान दिसतो, एक डूल दिसतो.
जोड होती कशावरून, असं कुणी विचारलं तर
दुसरा कान कुठून आणू?

म्हणून लाल वही मागा.
पोर्तोत काय, देशभर प्रत्येक दुकानात असते,
मागितली की द्यावीच लागते.
त्यांनी गल्ल्याखालून काढली, फुंकर मारली.
पहिलं पान कोरं.
पेन माझ्याकडे नव्हतं.
पेनही त्यांनीच दिलं.

चौथ्या वर्षी माझे कान याच माणसाने टोचले होते,
तेव्हा म्हणे मी रडले नव्हते.
आज त्यांचे टोचायला मी उभी,
आणि डोळ्यांना धार मलाच.

लिहिलं: तारेच्या जाळीचं काम, हृदयाचा आकार,
खाली लोंबते मणी…
किती?
पाच असावेत.
आईच्या मांडीवर बसून मी ते वर्षानुवर्षं हलवले
आणि पाच की सहा, ते मला येईना.

‘सात,’ ते म्हणाले.
यंत्र अजून काउंटरवरच होतं.
मी तर विचारलंही नव्हतं.
‘सात. डावीकडच्याचा तिसरा मणी चेपलेला.
बाळाने चावला, तुमची आई म्हणाली होती.
सरळ करून देऊ का विचारलं.
नको म्हणाली, राहू दे तसाच.’

पेन थांबलं.
थांबू देऊ नका.

‘वजन?’ मी पाठीवर लिहून दाखवलं, पावतीच्या.
‘अकरा ग्रॅम चार.’
‘कस?’
‘एकोणीस पूर्णांक दोन कॅरट,’
आणि जरा दुखावून, ‘दुसरं मी हातात घेतो का?’

सगळं उतरवलं.
खाली लिहिलं: वरील वर्णन दुकानदाराने स्वतः सांगितले.
वही फिरवून त्यांच्यापुढे केली.
त्यांनी वाचलं, बोट ठेवून, ओळ न ओळ,
‘पूर्णांक’मधली माझी चूक दुरुस्त केली
आणि सही केली.

प्रत घ्या. घडी उलट्या बाजूने घाला,
शाई आत राहते.
दाराशी वळून बघायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.
मी बघितलं.
ते गुडघ्यांवर बसून, फरशीच्या फटींत
टॉर्च मारत होते,
जुन्या नव्हे, नव्या दुकानाच्या.

पैसे जूनमध्ये आले, त्या दिवसाच्या भावाने,
घडणावळ धरून.
निम्मे ग्रासिएतचे.
तिला वजन सांगितलं, कॅरट सांगितले,
सात मणीही सांगितले.
दाताचं नाही सांगितलं.
ती मोठी आहे.
म्हणेल, तो माझा.