निवलेलं पाणी

डँडेनाँगमध्ये, रेल्वेपुलाच्या अलीकडे,
ब्रॉन्विनबाईंचं दुकान आहे. तिथे मी पाय धुते.
परक्यांचे पाय, तासावारी.
काचेवर जांभळ्या दिव्यांत दुकानाचं नाव: निर्वाणा.
शेवटचा काना त्यांचा, आमचा नाही.

पहिल्या दिवशी बुद्धाचं डोकं
टबाशेजारी, जमिनीवर होतं.
नुसतं डोकं, राळेचं, टाळूतून पाणी उडणारं,
मागे वायर.
मी ते उचलून टॉवेलांच्या फळीवर ठेवलं.
दुसऱ्या दिवशी खाली.
मी वर. ते खाली.
असं अकरा दिवस. मग वायरच पुरेना,
कुणीतरी आखूड करून आणली होती.

गिऱ्हाइकं डोळे मिटतात आणि म्हणतात, आहाहा, निर्वाण!
लॉरेनसुद्धा म्हणते. तिला ते गेल्या बुधवारी
चॉकलेटच्या आइस्क्रीममध्येही मिळालं होतं,
त्याआधी बालीला,
आणि नव्या गादीवर, सुलभ हप्त्यांनी.
मी हसत नाही. दमलेल्या बाईच्या भेगाळ टाचा
हातात असल्या की हसू येत नाही.
"तुमच्याकडचाच ना गं हा शब्द, अयोमी?
म्हणजे काय नेमकं?"

मी म्हणाले, विझणं.
"बाई गं! म्हणजे मरण?"
टाच माझ्या हातातून जराशी मागे गेली.

नाही. कसं सांगू.
आमच्यात दिवा तोंडानं फुंकत नाहीत.
तात्ता बोटं ओली करून वात चिमटायचा.
चर्र.
"कुठे गेली?" मी विचारायची. पाच वर्षांची, हट्टी.
"कुठे गेली ते राहू दे. तेल किती उरलंय ते बघ."
एवढीच शिकवणी. मग बोटं लुंगीला पुसून
तो सायकलचं पंक्चर काढायला बसायचा.

तात्ता जुलैत गेला.
बहिणीनं फोटो पाठवला: कुरुणेगलजवळची आमची गल्ली,
काठ्यांना पांढरी निशाणं,
आडवं कापड टांगलेलं: निवन सुख लाभो.
तोच शब्द. माझ्या पाठीमागे काचेवर जांभळा,
हातातल्या फोनमध्ये काळा, पावसानं ओघळलेला.
माझे व्हिसाचे कागद कुठल्याशा कचेरीत.
मी गेले नाही.
व्हिडिओवर भाऊ सुरईतून पेल्यात पाणी ओतत होता,
पेला भरून वाहीपर्यंत ओततात,
आणि सगळ्यांनी एकमेकांचं कोपर धरलेलं,
आत्यानं भावाचं, बहिणीनं आत्याचं,
बहिणीचा दुसरा हात रिकामा.
नेटवर्क गेलं.
पेला काठोकाठ, धार हवेत, तशीच थांबली.

दुकान बंद करताना ब्रॉन्विनबाई रोज बजावतात:
सगळे दिवे घालव हं, फक्त नाव सोडून.
जाहिरात असते ती.
ते कधीच विझवायचं नाही.

घरी सेनुरीला ताप. एकोणचाळीसच्या वर.
पाणी उकळलं, झाकण काढून ओट्यावर ठेवलं.
अशा पाण्याला आम्ही निवलेलं म्हणतो.
दिवा निवतो, भात निवतो,
बाळंतिणीचं अंग निवतं, शेजाऱ्यांचं भांडण निवतं,
दिवसातून दहादा तोंडात येतो शब्द,
कुणी पाय मागे घेत नाही.
हे सांगायला हवं होतं लॉरेनला.
तिची पुढची वेळ शुक्रवारी तीनची आहे,
विसरेन तोवर.

"झालं का?"
थांब. बोट बुडवून पाहते. अजून नाही.
बाहेरच्या नळावर दव गोठलंय.
थोडं थांब.

मग मी ओतते, आणि सेनुरी माझं कोपर धरते.
तिला कुणी शिकवलेलं नाही,
तापात तोल जातो म्हणून धरते.
पेला भरतो.
मी थांबायला जरा उशीर करते.
ओटा ओला, तिची बाही ओली.
"अम्मा," ती म्हणते, "सांडलं."