अक्षर माझंच आहे

गेहीमलचा र डावीकडं कलंडायचा.
तो र मुळात माझा.

पासष्टचा सप्टेंबर. काचांना खाकी कागद,
कोपरीत आठ वाजताच अंधार करायचा हुकूम.
कंदिलावर परात धरून त्यानं मला पुढ्यात बसवलं.
मी अकरा वर्षांचा, सुंदर अक्षराबद्दल
शाळेतून एक कंपासपेटी मिळवलेला.
"तू लिही," म्हणाला, "माझा मराठी लंगडा आहे."
त्याची स्वतःची लिपी उजवीकडून चालत यायची.

वागळे इस्टेटीत, सोळा नंबरच्या रस्त्यावर
त्यांचा कारखाना बिजागऱ्या करायचा.
त्या महिन्यात बिजागऱ्या थांबल्या,
त्याच प्रेसवर तोफगोळ्यांची टोपणं निघू लागली.
दुप्पट ओव्हरटाइम. युनियनच्या सभेत टाळ्या.
टाळी न वाजवणारा एकच, सेक्रेटरी.

तो सांगत गेला, मी स्टेन्सिलवर कोरत गेलो:
भावांनो, हा गोळा कियामारीच्या धक्क्यावर पडेल
तेव्हा तिथं पाठीवर पोतं घेतलेला माणूस असेल.
अठरा वर्षांमागं मी त्याच्या शेजारी पोती उचलली.
बोटीत चढायच्या घाईत त्याचे बारा आणे द्यायचे राहिले.

"बारा आणे लिहू?"
"ते तर पहिलं लिही."

दोनशे प्रती. तिसऱ्या दिवशी खिडकीवर दगड.
मारणारे कॅम्पातलेच होते,
त्याच बोटीतून उतरलेले.
मग पोलीस. जेठीबाईच्या पापडांखाली वही सापडली,
पंचनाम्यात लिहिलं: शत्रूच्या लिपीतला मजकूर.
वर्गणीचा हिशेब होता तो.
माझ्या बापाचे चार महिने थकलेले होते त्यात.

फौजदारानं पत्रक नाचवलं. "अक्षर कुणाचं?"
मी दारात. बोटं मागं लपवलेली.
"माझं."
"लिहून दाखव."
"हात सुजलाय साहेब. उतरला की दाखवतो."

ठाण्याचा तुरुंग म्हणजे जुना किल्ला.
आम्ही पोरं त्याच्या भिंतीला चेंडू मारायचो.
त्या पावसाळ्यानंतर मी मारला नाही.

खटला नाही, तारीख नाही. सतरा महिने.
युनियननं ठराव करून नाव कमी केलं,
खाली माझ्या बापाची सही.
लढाई तर तेवीस दिवसांत थांबली होती,
जानेवारीत कुठंतरी लांब, थंडीत, करार झाला,
प्रेसवर पुन्हा बिजागऱ्या आल्या.
दार काही उघडलं नाही.

चौथ्या महिन्यात पहिलं पत्र आलं.
जेठीबाईला मराठी वाचता येईना, मला हाक मारली.
मी उघडलं आणि मांडी घालून खालीच बसलो.
माझा र. माझा पोट सुटलेला ळ.
पत्रकाचा कित्ता करून, पाटीवर गिरवून गिरवून
त्यानं माझा हात उचलला होता.
पत्रकात मी 'युध्द' असं चुकीचं लिहिलं होतं.
पत्रात होतं: "इथल्या डाळीशी रोज युध्द चालू आहे."
जेठीबाई हसली. मला वाचता येईना पुढं.

सुटून आल्यावर मी एकदाच विचारलं.
"साहेबानं लिहायला लावलं?"
"लावलं."
"मग?"
"जुळलं."
आणि सायकलला पापडांचा डबा बांधून
कळव्याच्या पुलाकडं निघाला.
कारखान्यात त्याला परत कुणी घेतलं नाही.

मी पुढं पाट्या रंगवल्या. दवाखाने, पिठाच्या गिरण्या,
नौपाड्यातल्या निम्म्या दुकानांची नावं.
धंद्यात अक्षर बदलत गेलं, आता तर हात कापतो.
माझ्या लहानपणचा एक कागदही घरात नाही.

परवा त्याचा नातू वही घेऊन आला.
"आजोबांची आहे, पण अक्षर एखाद्या पोराचं वाटतं."
पापडांचा हिशेब. उडीद, मिरी, तेल,
कळवा उधारी, खारेगाव रोख.
शेवटच्या पानावर एकच ओळ,
दर वर्षी नव्या शाईनं गिरवून जाड झालेली:

कियामारी, बारा आणे, देणे.

दोन र. दोन्ही डावीकडं कलंडलेले.