गातानाचं माप

शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत, इस्त्रीवाल्याला लागून
आमचं अल्टरेशनचं दुकान. पडदे, अबाया, शाळेचे गणवेश.
एका गुरुवारी ओतिलिया आली
उशीच्या अभ्र्यात काहीतरी गुंडाळून.

आतून निघालं एक पोलकं.
बाह्यांवर पिवळा, शेंदरी, डाळिंबी दोरा असा खच्चून भरलेला
की खालचं कापड दिसेना.
स्लोवाकियातल्या डेत्वाचं. आधी आजीचं, मग आईचं.
दोरोता तर पांढरा गाउन घालणार, ती म्हणाली,
पण मध्यरात्री तिचा फुलांचा मुकुट उतरवून
डोक्याला टोपडं बांधायचं, ते बायकांनी गात.
किती बायका आहात?
तीन. त्यातल्या एकीला शब्द येत नाहीत.

मी पोलकं उलटं केलं.
उलटी बाजू मी आधी बघते, सुलट काय, पाहुण्यांसाठी असते.
काखेत तीन हातांची दुरुस्ती:
एकीचा टाका मुंगीएवढा,
एक डावखुरी,
एकीने काळ्याच दोऱ्यावर भागवलेलं.
लढाईची वर्षं, ओतिलिया म्हणाली. रंगीत मिळत नसे.

ही नक्षी वाकड्या सुईची, ती सांगू लागली,
आमच्याकडेही आता थोड्याच जणींना...
तेवढ्यात शमशादभाईने न बोलता
आपली आरी पुढे केली.
सुईच्या टोकाचा तो आकडा ती बघतच राहिली,
लग्नात लांबचं कुणी अचानक ओळख दाखवावी तशी.

मग माप. छाती छत्तीस, मी लिहिलं.
असं नाही, ती म्हणाली. टेप सैल धर.
आणि पडद्याआड, एसीच्या घरघरीत
तिने सूर लावला.
गवत कापताना या डोंगरावरच्या बाईने
त्या डोंगरावरच्या बाईला घातलेली साद म्हणे.
आमच्याकडे गवत फक्त राउंडअबाउटमध्ये,
नळीच्या पाण्यावर जगणारं.
टेप माझ्या बोटांतून सरकत गेली.
शेजारची इस्त्री थांबली.

छाती छत्तीस. गाताना साडेअडतीस.
माझ्या आईची मापं मी कितीदा घेतली,
गाताना एकदाही नाही.

काखेत पट्टी जोडायची ठरली.
दोरा कुठला, शमशादभाईने विचारलं.
समोर शंभर रंगांची रिळं.
मी काळं काढलं.

पंधरा दिरहम सांगितले.
तिने वीस ठेवले, मी पाच परत केले,
आणि तो वरचा सूर
दिवसभर शिवणयंत्राला जुळता जुळेना.